ज्याचा काही नेम नाही

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सिन्नरच्या कुठल्याही गल्लीत एक प्रयोग फुकट पाहायला मिळतो. रिकामी बाटली, तिच्यात रॉकेटची काडी आणि वातीला लावलेली फुलबाजी. वारा मोकळ्या रानाकडे वाहत असला की पोरं बाटली त्याच बाजूला कलती करतात. वाऱ्यासोबत रॉकेटही तिकडेच जाईल हा हिशेब. पण ते सुटताच उलट वाऱ्याच्या तोंडावर वळतं आणि शेजारच्या गच्चीवर किंवा कडब्याच्या गंजीशेजारी जाऊन पडतं. दारू जळत असते तोवर वारा मागच्या काडीला ढकलतो, त्यामुळे तोंड वाऱ्याकडे फिरतं, हे त्यामागचं साधं गणित. ओट्यावरची आजी गणितात न शिरता म्हणते, ‘त्याचा काही नेम आहे का?’

मराठीत नेम म्हणजे निशाणा, आणि नेम म्हणजे भरवसाही. गेल्या साठ वर्षांत सशस्त्र गटांनी जे शस्त्र पुन्हा पुन्हा वापरलं, त्याचं वर्णन या एका शब्दात होतं. सुटल्यावर दिशा बदलता न येणारं, सोंडेत कसलाही मार्गदर्शक नसलेलं हे रॉकेट व्हिएतनाममध्ये उडालं, काबूलमध्ये उडालं, दक्षिण लेबनॉन आणि गाझातून उडालं, आणि २०२४ मध्ये मणिपुरातही. ते बहुतेक वेळा चुकतं. तरीही कोणी ते टाकून दिलेलं नाही. या प्रकरणात समजून घ्यायची गोष्ट नेमकी तीच आहे.

सिन्नरकरांना हा विषय वाटतो तितका परका नाही. तालुक्याच्या पश्चिम कडेला पांढुर्ली, तिथून पुढे भगूर आणि देवळाली कॅम्प. देवळालीत भारतीय लष्कराचं तोफखाना प्रशिक्षणाचं विद्यालय आहे. ‘तोपची’ नावाचा सराव होतो तेव्हा पाहुण्यांसमोर धनुष आणि वज्र तोफांबरोबर ग्रॅड आणि पिनाक या रॉकेट प्रणालीही डागल्या जातात. ग्रॅड ही रशियन, पिनाक मात्र पुण्याच्या पाषाणमधल्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत घडलेली. तिचे बारा अग्निबाण ४४ सेकंदांत सुटतात.

अग्निबाण हा शब्द वर्तमानपत्री वाटेल, पण तो उसना नाही. अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांत ‘बाण’ म्हटलं की बऱ्याचदा धनुष्याचा तीर अभिप्रेत नसतो. लोखंडी नळीत दारू ठासून ती लांब बांबूला बांधायची आणि पेटवून सोडायची, तो हा बाण. तो चालवणारे ते बाणदार. त्याने तटबंदी फुटत नसे, पण हत्ती उधळत, घोडे बुजत, बैल गाडे टाकून पळत. तोफ ओढायला बैलांच्या जोड्या लागायच्या. बाणांचा भारा उंटाच्या पाठीवर मावे. हलक्या, पळत्या फौजेला याहून सोयीचं काय असणार? १७६१ मध्ये पानिपतावर हेच हत्यार मराठ्यांवर उलटलं. नजीबखानाच्या रोहिल्यांनी बाणांचा मारा करत आपली फळी पुढे सरकवली होती.

हैदर आणि टिपूचं नाव या संदर्भात जास्त गाजलं, आणि ते रास्तही आहे. म्हैसूरच्या कारागिरांनी नळीसाठी चांगलं लोखंड वापरलं. नळी मजबूत, म्हणून दारू घट्ट ठासता येई आणि पल्ला वाढे. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडाल्या. त्या बाणाने उडाल्या की तोफगोळ्याने, यावर अजून वाद आहे. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत महालातल्या भिंतीवर ती लढाई रंगवलेली दिसते. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडके इंग्रजांच्या बाजूने हजर होते. सात वर्षांनी त्याच शहराबाहेरच्या सुलतानपेठच्या झाडीत रात्रीच्या अंधारात बाणांनी ज्याची दाणादाण उडवली, तो कर्नल आर्थर वेलस्ली. पुढे १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेणारा आणि असईची लढाई जिंकणारा हाच. तो रॉकेटवर कधीच फिदा झाला नाही.

इंग्लंडात मात्र विल्यम काँग्रीव्हने म्हैसूरचे नमुने समोर ठेवून आपली रॉकेटं बनवली. १८०७ मध्ये ती कोपनहेगनवर टाकली गेली. गोळे आणि रॉकेटांच्या त्या भडिमारात शहराचा मोठा भाग जळाला आणि शेकडो नागरिक मेले. नेम नसलेलं हत्यार शेवटी शहर शोधतं, कारण शहर चुकवणं कठीण असतं. ही खूणगाठ तिथेच बांधून ठेवावी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आटे पाडलेल्या नळीच्या तोफांनी रॉकेटला मागे सारलं. ते परत आलं १४ जुलै १९४१ रोजी. ओर्शा इथे सोव्हिएत सैन्याने ट्रकवर बसवलेली ‘कात्युशा’ प्रथम वापरली. युक्ती सरळ होती: एक रॉकेट चुकतं, तर एकदम शेकड्याने सोडा; नेम नसला तरी अख्खं मैदान भाजून निघेल. १९६० च्या दशकात आलेली ग्रॅड तिचीच पुढची पिढी, १२२ मिलिमीटरची ४० नळकांडी वीस सेकंदांत रिकामी करणारी. सैन्याच्या हातात या अनिश्चिततेला एक शिस्त असते. हवामानाच्या नोंदी असतात, पुढे बसलेला निरीक्षक असतो, नकाशा असतो, आणि लक्ष्य म्हणून समोर शत्रूची फौज असते, निदान असायला हवी.

गटांनी नेमकं उलट केलं. चाळीसची शिस्त सोडून दिली आणि एक नळी तेवढी उचलली.

ही सोय त्यांना देशांनीच करून दिली. उत्तर व्हिएतनामच्या मागणीवरून सोव्हिएत संघाने ग्रॅडचं एकच नळकांडं तिपाईवर बसवून दिलं. त्याचं नावच ‘पार्टिझान’, म्हणजे गनिमी लढवय्या. चीनचं १०७ मिलिमीटरचं रॉकेट तर एकोणीसेक किलोचं, म्हणजे सिमेंटच्या गोणीच्या निम्म्याहून कमी, आणि पल्ला आठ किलोमीटरच्या आसपास. दोन माणसांनी डोंगरावर न्यावं, उडवावं आणि उत्तराचा तोफगोळा येण्याआधी खाली उतरावं. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या पैशाने आणि पाकिस्तानच्या हातून ही चिनी रॉकेटं अफगाण मुजाहिदीनांकडे भरभरून गेली.

वाटेत थोडी सांडलीही. १० एप्रिल १९८८ रोजी रावळपिंडीच्या ओझरी छावणीतल्या कोठाराला आग लागली आणि मुजाहिदीनांसाठी साठवलेली रॉकेटं कोणी न डागता आपोआप उडू लागली. रावळपिंडी आणि इस्लामाबाद या जोडशहरांत ती वाट्टेल तिथे पडली. सुमारे शंभर माणसं मेली. पुढे पंतप्रधान झालेल्या शाहिद खाकान अब्बासींचे वडील, हवाई दलातले निवृत्त अधिकारी आणि राजकारणी, आपल्या गाडीत बसलेले असताना अशाच एका रॉकेटाने मारले गेले.

सोव्हिएत फौजा गेल्या, रॉकेटं राहिली. १९९२ च्या ऑगस्टमध्ये गुलबुद्दीन हेकमतयारच्या हिज्ब-ए-इस्लामीने दक्षिणेच्या टेकड्यांवरून काबूलवर जो वर्षाव केला, त्यात एका महिन्यात हजाराहून अधिक माणसं मेली. गंमत म्हणावी तर भयानक आहे: १९९३ च्या करारानुसार हाच गृहस्थ अफगाणिस्तानचा पंतप्रधान होता, आणि पंतप्रधानपदी असतानाच तो स्वतःच्या राजधानीवर रॉकेटं टाकत होता. सोव्हिएत काळात बऱ्यापैकी शाबूत राहिलेलं काबूल या भाऊबंदकीत मातीला मिळालं.

आयात केलेलं रॉकेट ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत किंवा मुसळगावच्या वसाहतीत काम करणाऱ्याला जास्त लवकर कळेल. सप्टेंबर २००६ मध्ये आंध्र पोलिसांना महबूबनगर आणि प्रकाशम जिल्ह्यांत शेकडो रॉकेटं आणि ती डागायची साधनं सापडली. माओवाद्यांसाठी निघालेला हा माल जंगलात घडलेला नव्हता. धागा चेन्नईच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत जाऊन पोचला. ‘टेक मधू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माओवादी तंत्रज्ञाने तिथल्या साध्या वर्कशॉपांतून सुटे भाग करून घेतल्याचं तपासात पुढे आलं.

जॉबवर्क कसं चालतं हे ज्याने पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. ड्रॉइंग येतं, त्यावर मापं आणि टॉलरन्स असतो, खाली नगांची संख्या. लेथवरचा माणूस मापात नग काढतो, क्यूसीवाला व्हर्नियर लावून पाहतो, चलन फाटतं, टेम्पो निघतो. हा नग पुढे पंपात बसणार की ट्रॅक्टरात, हे विचारायची रीतच नाही. विचारलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या शेडमध्ये जातं. अंबत्तूरची वर्कशॉपं यात दोषी होती की भोळी, यापेक्षा महत्त्वाचं हे की देशातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हेच घडू शकलं असतं. पुढच्या काळात बस्तरमधल्या माओवाद्यांनी रॉकेटापेक्षा ‘बीजीएल’ म्हणजे नळीतून फेकायच्या ग्रेनेडवर जास्त भर दिला आणि सुरक्षा दलांच्या छावण्यांवर तो मोठ्या संख्येने वापरला. काटेकोरपणे ते रॉकेट नव्हे, पण सख्खा चुलतभाऊ नक्कीच.

घरगुती रॉकेटाचं सर्वांत मोठं प्रकरण अर्थात गाझाचं. २००१ मध्ये हमासचं पहिलं ‘कसाम’ उडालं, पल्ला जेमतेम काही किलोमीटर. जून २००४ मध्ये स्देरोत गावात त्याचे पहिले बळी गेले. त्यांतलं एक लहान मूल होतं. पुढे पल्ला वाढत गेला: अश्केलोन, अश्दोद, बीरशेबा, मग तेल अवीव.

यातली अश्दोद आणि बीरशेबा ही नावं महाराष्ट्रात, विशेषतः अलिबाग-रेवदंड्याकडे, अनोळखी नाहीत. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल १९५० आणि ६० च्या दशकांत इस्रायलला गेले तेव्हा अनेकांची वस्ती याच दक्षिणेकडच्या, तेव्हा नव्याने वसणाऱ्या गावांत झाली. अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे अजून मराठी ऐकू येते. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा होतो, ताटात फळं मांडली जातात. आणि याच घरांत भोंगा वाजल्यापासून सेकंद मोजायची सवय झालेली आहे. गाझालगतच्या स्देरोतला १५ सेकंद मिळतात, अश्दोदला साधारण ४५, बीरशेबाला मिनिटभर. आजोबा दुसऱ्या मजल्यावर असतील आणि गुडघे दुखत असतील, तर मिनिट पुरत नाही. १९९१ च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या घरांत काँक्रीटची एक सुरक्षित खोली सक्तीची झाली. त्याआधीच्या जुन्या इमारतींत जिन्याखाली किंवा सार्वजनिक आसऱ्यात धावायचं.

रॉकेट अडवणारी ‘आयर्न डोम’ यंत्रणा मार्च २०११ मध्ये प्रथम उभी राहिली तीही बीरशेबाजवळच. ती आधी रॉकेट कुठे पडेल याचं गणित करते आणि रानात पडणारं असेल तर सोडून देते. एक अडवणारं क्षेपणास्त्र पन्नास हजार डॉलरच्या घरातलं, समोरून येणारं कसाम काही शे डॉलरचं, असे अंदाज नेहमी दिले जातात. त्यातला सूर असा की गरीब गट श्रीमंत देशाला खड्ड्यात घालतोय. हे गणित अर्धवट आहे. तुलना करायची ती दोन रॉकेटांच्या किमतींची नव्हे. अडवलं नसतं तर काय पडलं असतं आणि त्यानंतर काय झालं असतं, ते त्यात धरावं लागतं.

कारण नंतर जे होतं त्याचे आकडे फार वेगळे असतात. डिसेंबर २००८ ते जानेवारी २००९ च्या गाझा युद्धात इस्रायलचे तीन नागरिक रॉकेटांनी मेले; गाझात मेलेल्यांची संख्या चौदाशेच्या आसपास होती. २००६ च्या ३४ दिवसांच्या युद्धात लेबनॉनच्या हिजबुल्ला या गटाने सुमारे चार हजार रॉकेटं डागली आणि चाळिसेक इस्रायली नागरिक मारले. लेबनॉनमध्ये हजाराहून अधिक माणसं मेली. रॉकेट उडवणाऱ्या गटाला हे आधीच ठाऊक असतं. घराघरांच्या मधून ते उडवलं जातं तेव्हा उत्तर त्याच घरांवर येणार हेही ठाऊक असतं. गाझातल्या घरांना भोंगा नाही, काँक्रीटची खोली नाही. शिवाय बिघडलेली रॉकेटं अलीकडेच कोसळतात आणि गाझातलीच माणसं मारतात. हमासने याबद्दल आपल्या लोकांना कधी हिशेब दिलेला नाही, आणि इस्रायलच्या उत्तराचं माप किती असावं यावर जगाने कधी धड बोट ठेवलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकायची चाल दोन्ही बाजूंनी सर्रास चालते.

कायदा मात्र या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलनुसार, विशिष्ट लष्करी लक्ष्यावर रोखताच येत नाही असं साधन वापरून केलेला हल्ला बेछूट ठरतो, मग मारणाऱ्याच्या मनात काहीही असो. भारत आणि इस्रायल या दोघांनीही त्या प्रोटोकॉलला मान्यता दिलेली नाही. पण बेछूट हल्ल्याची बंदी आता रूढ नियम मानली जाते, आणि ती बिगर-सरकारी गटांनाही लागू होते. गाझा युद्धाची चौकशी करणाऱ्या रिचर्ड गोल्डस्टोन यांच्या समितीने २००९ मध्ये रॉकेटांबद्दल पॅलेस्टिनी गटांवर आणि हल्ल्यांबद्दल इस्रायलवरही युद्धगुन्ह्यांचा ठपका ठेवला.

मग हे हत्यार टिकतं कशाच्या जोरावर? ते मारायला फारसं कामाचं नाही, पण वेळापत्रक मोडायला फार कामाचं आहे. शाळा बंद पडतात, विमानतळ बंद होतो, शेतमजूर शेतात जात नाहीत. आणि कधीतरी एखादं लागतं. २७ जुलै २०२४ रोजी गोलन पठारावरच्या मजदल शम्स या द्रुझ गावात फुटबॉलच्या मैदानावर रॉकेट पडलं आणि बारा मुलं मेली. हिजबुल्लाने हात झटकले. ती मुलं कोणाचंच लक्ष्य असण्याची शक्यता कमीच, आणि काही आठवड्यांत लेबनॉनवर मोठं युद्ध ओढवलं.

अशा रॉकेटांनी राष्ट्रं कशी खेचली जातात याचं याहून ठसठशीत उदाहरण इराकचं. २७ डिसेंबर २०१९ रोजी किर्कुकजवळच्या के-वन तळावर तीसेक रॉकेटं पडली. अमेरिकेचा एक कंत्राटी कर्मचारी मेला. अमेरिकेने इराणधार्जिण्या गटावर बॉम्ब टाकले, जमावाने बगदादच्या अमेरिकी दूतावासावर चाल केली, आणि ३ जानेवारी २०२० ला इराणचा सेनानी कासिम सुलेमानी बगदाद विमानतळाबाहेर मारला गेला. पहिल्या घटनेपासून शेवटच्या घटनेपर्यंत आठवडा. आपल्या शेजारच्या पाकिस्तानातही डिसेंबर २००५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ बलुचिस्तानातल्या कोहलूत असताना रॉकेटं पडली, कोणी मेलं नाही, पण त्यानंतर सुरू झालेल्या लष्करी मोहिमेचे व्रण तो प्रांत अजून वागवतो.

देवळालीच्या सरावात आता दिशा असलेल्या पिनाकची चर्चा जास्त असते. त्याच्या पुढच्या टोकाला मार्गदर्शन यंत्रणा बसवली की मैदान भाजण्याऐवजी एक ठिकाण गाठता येतं. सैन्यांचा प्रवास बेनेमीपासून नेमाकडे चालला आहे. गटांनीही वाट बदलायला घेतली आहे. बाजारात मिळणाऱ्या ड्रोनला नेम असतो आणि कॅमेराही असतो. पण रॉकेट म्हणून सुटलेलं नाही.

हे मणिपुरात दिसलं. १ सप्टेंबर २०२४ रोजी इंफाळ पश्चिममधल्या कौत्रुक गावावर ड्रोनमधून बॉम्ब टाकले गेले. पाचच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, बिष्णुपूर जिल्ह्यात रॉकेटं पडली. चुराचांदपूरकडच्या डोंगरांतून ती आल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्या डोंगरांत ‘पंपी’ नावाच्या गावठी तोफेची परंपरा १९१७ ते १९१९ च्या कुकी उठावापासूनची आहे. एक रॉकेट मोइरांगमध्ये राज्याचे पहिले मुख्यमंत्री मैरेंबम कोइरेंग सिंह यांच्या घराच्या आवारात पडलं. कोइरेंग सिंह आझाद हिंद सेनेचे सहकारी, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी त्या सेनेने जिथे तिरंगा फडकवला ती जागा तिथून जवळच. आवारात पूजेच्या तयारीत असलेला एक वृद्ध जागीच मेला, काही जण जखमी झाले. दुसऱ्या दिवशी राज्यातल्या शाळा बंद ठेवण्यात आल्या.

त्याच सप्टेंबरात पुण्यात इस्रायलमधल्या बांधकामांसाठी कामगारांची भरती ठरली होती: दहा हजार गवंडी, सुतार, सळई बांधणारे. पुढे जाऊन इमारती बांधायच्या, आणि त्यांतल्या प्रत्येक घरात काँक्रीटची एक खोली.